अर्ध्या वाटेवरची इंग्रजी

आजच्या भाषणाचा विषय शाळेतला आहे. परंतु तो केवळ शाळामास्तरांचा आहे असे मात्र नव्हे. आपल्या मुलाला इंग्रजी यावी, अशी इच्छा नसलेले घर आज महाराष्ट्रात शोधूनही सापडावयाचे नाही. पुण्यामुंबईच्या घरांत ही इच्छा आहे, तशीच ती यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या कळंबसारख्या तालुक्याच्या गावीही आहे. पण इंग्रजी येणे म्हणजे नेमके काय येणे, असा उलट प्रश्न केला, तर एकवाक्यता होणे कठीण. कोणी म्हणेल व्याकरण आले म्हणजे भाषा आली. कोणी म्हणेल शब्दांचा साठा हवा. आणि कोणी म्हणेल, समोर आलेला मजकूर वाचून उमगला म्हणजे झाले. ही तिन्ही उत्तरे आजची नव्हेत. मराठी मुलुखात इंग्रजी शिकविली जाऊ लागली त्याला दोनशे वर्षे होत आली आणि या काळात ही तिन्ही मते एकामागून एक पुढे आली. त्यांचा इतिहास मला आज थोडक्यात सांगावयाचा आहे. आणि तो सांगताना एकच प्रश्न मी पुनःपुन्हा विचारणार आहे: ज्याने ही वाट अर्ध्यावर सोडली, त्या विद्यार्थ्याच्या पदरात काय पडले?

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, राज्यकर्त्यांची परकी भाषा ही आपल्या लोकांना इंग्रजीमुळे प्रथमच भेटली असे नाही. कळंब हे चिंतामणीचे स्थान म्हणून आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. परंतु अकबराच्या काळी वऱ्हाड सुभ्यात जी सरकारे होती, त्यांत कळंबचेही एक सरकार होते आणि ‘आईने-अकबरी’त त्याची नोंद आहे. त्या काळी दरबाराची भाषा फारसी. आमच्या शेतकऱ्याने फारसीचे व्याकरण कधी पाहिले नाही. परंतु जमा, वसूल, हजर, दफ्तर, कागद हे शब्द त्याच्या तोंडी बसले व ते आजतागायत टिकले आहेत. ते इतके रुजले होते की, शिवाजीमहाराजांना कारभाराच्या भाषेत स्वकीय शब्द आणण्यासाठी ‘राज्यव्यवहारकोश’ करवून घ्यावा लागला. तात्पर्य, सामान्य मनुष्य परक्या भाषेतले शब्द शाळेवाचूनही उचलतो. लेखी मजकूर वाचून समजून घेणे मात्र त्याला शाळेवाचून साधत नाही. म्हणून तो कागद वाचणाऱ्याच्या हातात सापडतो. ही गोष्ट फारसीच्या काळी खरी होती व इंग्रजीच्या काळीही खरी ठरली.

आता इंग्रजीकडे वळू. पहिला काळ व्याकरणाचा. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला. पुढच्याच वर्षी, ६ जानेवारी १८३२ रोजी, बाळशास्त्री जांभेकर यांनी ‘दर्पण’ सुरू केले. त्यात इंग्रजी व मराठी मजकूर शेजारी-शेजारी छापला जाई. दोन भाषा एकाच पृष्ठावर खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या, ही त्या काळी मोठीच नवलाई होती. १८३६ साली दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले आणि त्याची मांडणी लिंड्ले मरे या इंग्रजी व्याकरणकाराच्या धर्तीवर होती. म्हणजे इंग्रजी शिकता शिकता आपण आपल्याच भाषेकडे नव्या चष्म्यातून पाहू लागलो. स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह ही जी विरामचिन्हे आज मराठीत अगदी घरची वाटतात, तीही त्याच काळी इंग्रजीकडून आली आणि ती रूढ करण्याचे श्रेय मेजर कँडी यांस दिले जाते. या कँडीसाहेबांनीच मोल्सवर्थ यांनी आरंभलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली पुरा केला.

त्या वेळच्या शिक्षकांनी इंग्रजी व्याकरणमार्गे शिकवावी हे साहजिकच होते. त्यांच्यापुढे नमुना होता तो संस्कृत पाठशाळेचा. रूपावली पाठ, अमरकोश पाठ, मग काव्य. हाच क्रम इंग्रजीला लागला. शब्दांच्या जाती, विभक्ती, काळ आणि अर्थ यांचे पाठांतर. त्यानंतर एकेका शब्दाचे व्याकरण चालविणे. आणि शेवटी वाक्यपृथक्करण. ही शिस्त निरर्थक होती असे मी मुळीच म्हणणार नाही. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले व १८५९ साली त्याची पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली. तीत उतरलेल्यांमध्ये महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे होते. ही पद्धत काय घडवू शकत होती, हे त्या दोन नावांवरून कळते.

परंतु ती कोणासाठी घडवीत होती, हेही पाहिले पाहिजे. मेकॉलेसाहेबांचा प्रसिद्ध खलिता १८३५ सालचा. सरकार व रयत यांच्यामध्ये दुभाषी म्हणून उभा राहील असा एक लहानसा वर्ग तयार करावा, हा त्यातील हेतू उघड होता. १८५४ च्या वुडच्या खलित्याने सामान्य लोकांस देशी भाषांतून ज्ञान द्यावे असे म्हटले, परंतु वरची पायरी इंग्रजीचीच राहिली. इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हणण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. ते दूध पिऊन जे बलवान झाले, त्यांची चरित्रे आपण वाचतो. ज्यांस दोनच घोट मिळाले, त्यांचे चरित्र कोणी लिहिले नाही.

त्यांची आठवण मात्र त्या काळीही काहींनी ठेविली होती. सावित्रीबाई फुले यांच्या १८५४ सालच्या ‘काव्यफुले’ या संग्रहात इंग्रजी शिकण्याविषयी कविता आहेत. विद्येपासून दूर ठेविलेल्या शूद्रातिशूद्रांच्या सुटकेचे साधन म्हणून त्या इंग्रजीकडे पाहतात. आणि १८८२ साली हंटर कमिशनपुढे महात्मा फुले यांनी दिलेल्या निवेदनात मुद्दा आहे तो हाच की, सरकारच्या तिजोरीत पैसा शेतकऱ्याच्या घामाचा, आणि तो खर्च होतो वरच्या थोड्यांच्या उच्च शिक्षणावर. म्हणून प्राथमिक शिक्षणाकडे अगोदर पाहावे. माझ्या आजच्या प्रश्नाचे मूळ तेथे आहे.

वऱ्हाडातील परिस्थिती थोडी निराळी होती. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. १९०३ साली तो मध्यप्रांतास जोडला गेला. आज ज्यास आपण यवतमाळ जिल्हा म्हणतो, त्यास १९०५ पर्यंत वणी जिल्हा असे नाव होते. या मुलुखात शिक्षणाच्या दोन वाटा झाल्या. एक मराठी शाळेची. तिच्या शेवटी ‘फायनल’ची परीक्षा असे व ती उतरलेला मनुष्य गावात विद्वान समजला जाई. दुसरी अँग्लो-व्हर्नाक्युलर शाळेची, म्हणजे लोकांच्या बोलीत ए. व्ही. स्कूलची. मराठीच्या चार इयत्ता पुऱ्या करून मुलगा तेथे जाई आणि इंग्रजीचा श्रीगणेशा करी. ही शाळा खेड्यात कोठून असणार? ती असे मोठ्या गावी. ज्याच्या घरी जिल्ह्याच्या ठिकाणी मूल ठेवण्याची ऐपत, त्याचेच मूल दुसऱ्या वाटेने जाई.

आणि तरीही इंग्रजी खेड्यात शिरलीच. ती कपाशीच्या गाडीतून शिरली. वऱ्हाडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना हवा होता. त्यासाठी जीन निघाले, प्रेस निघाले. मूर्तिजापुराहून यवतमाळपर्यंत अरुंद रुळांची आगगाडी आली. शेतकऱ्याच्या तोंडी जीन, प्रेस, स्टेशन, तिकीट, कोर्ट, समन्स, अपील हे शब्द बसले. फारसीचे जे झाले होते तेच पुन्हा झाले. शब्द घरात आले. परंतु समन्सवर काय लिहिले आहे, हे विचारण्यास दुसऱ्याच्या ओट्यावर जावे लागे, ते लागेच.

दुसरा काळ भाषांतराचा. तर्खडकरांची ‘भाषांतर-पाठमाला’ हे नाव उच्चारताच आपणांपैकी वडीलधाऱ्यांच्या चेहऱ्यावर ओळखीचे स्मित उमटले असेल. नियम, त्याखाली शब्दांची यादी, मग मराठीतून इंग्रजीत व इंग्रजीतून मराठीत करावयाची वाक्ये. तिच्या पायऱ्या अशा एकीवर एक रचलेल्या आहेत. पिढ्यान् पिढ्या मराठी मुले या पायऱ्या चढली. या पद्धतीवर पुढे पुष्कळ टीका झाली. परंतु तिचा एक गुण टीकाकारांच्या ध्यानात आला नाही, असे मला वाटते. मराठी मुलाला नेमके कोठे ठेचाळावे लागते, हे तिला पक्के ठाऊक होते.

उदाहरण घ्या. रामाने आंबा खाल्ला, रामाने आंबे खाल्ले, रामाने कैरी खाल्ली. मराठीत खाणारा तोच, तरी क्रियापद खाल्लेल्या फळाप्रमाणे फिरते. इंग्रजीत फळ कोणतेही असो, ‘एट’ ते ‘एट’च. उलट, मला दोन भाऊ आहेत, माझ्याजवळ पैसे आहेत, मला ताप आहे, या तीन गोष्टी मराठी तीन छटांनी बोलते. इंग्रजीत त्या सर्वांवर ‘हॅव’ हे एकच क्रियापद पुरते. आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, त्यांचे मध्ये. ‘अ’, ‘अन’ व ‘द’ या तीन चिमुकल्या शब्दांना तर मराठीत जोडच नाही. दोन भाषा शेजारी ठेवल्या म्हणजे हा भेद डोळ्यांना दिसतो. ‘दर्पण’च्या दोन रकान्यांतले तत्त्व ते हेच.

दोष होता तो निराळा. भाषांतराचे फळ हाती येण्यास सर्व भाग पुरे करावे लागत. ज्याने पहिलाच भाग अर्धा केला, त्याला सुटी वाक्ये येत. परंतु इंग्रजी मजकुराचा एक परिच्छेद सलग वाचून त्याचा भावार्थ सांग म्हटले, तर तो एकेका शब्दापाशी थबके. त्याने भाषा विटाविटांनी पाहिली होती. घरात त्याचा प्रवेश झाला नव्हता.

तिसरा काळ वाचनाचा. आणि तो महाराष्ट्रात नव्हे, बंगालमध्ये सुरू झाला. ढाक्क्याच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य मायकेल वेस्ट यांनी बंगाली मुलांच्या इंग्रजीचा बारकाईने अभ्यास केला व १९२६ साली त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांनी विचारलेला प्रश्न साधा होता. पहिल्या वर्षी वर्गात बसलेल्या मुलांपैकी बहुसंख्य मुले शेवटच्या वर्षापर्यंत पोचतच नाहीत. मग आपण अभ्यासक्रम आखतो तो कोणासाठी? त्यांनी येथे विमा कंपनीच्या व्यवहारातील एक कल्पना वापरली. विम्याचे हप्ते मध्येच थांबले, तर कंपनी काही रक्कम परत देते; तिला समर्पण-मूल्य म्हणतात. शाळेतील विषयालाही असे मूल्य असते. मूल तिसऱ्या वर्षी शाळा सोडून गेले, तर त्या तीन वर्षांच्या मोबदल्यात त्याच्या हाती काय येते? अर्धे व्याकरण शिकणाऱ्यास काहीच येत नाही. अर्धे बोलणे शिकणाऱ्याचे बोलणे, बोलावयास कोणी नसल्यामुळे, वर्ष-सहा महिन्यांत विरते. परंतु जो थोडे का होईना वाचावयास शिकला, तो शाळा सुटल्यावरही एकट्याच्या बळावर पुढे जाऊ शकतो. कारण वाचनाला जोडीदार लागत नाही.

वेस्ट नुसते तत्त्व सांगून थांबले नाहीत. मुलांच्या पुस्तकांत नव्या शब्दांची दाटी फार होते, हे त्यांनी दाखविले. सोपे, नेहमी लागणारे शब्द आधी घ्यावे. नवा शब्द आला की तो लगेच पुन्हापुन्हा भेटावा. आणि दोन नव्या शब्दांमध्ये ओळखीच्या शब्दांचे चांगले अंतर असावे, म्हणजे वाचणाऱ्याचा पाय घसरत नाही. या धोरणाने त्यांनी वाचनमाला रचली. पुढे १९५३ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या शब्दसूचीत सुमारे २,००० शब्द आहेत. इंग्रजी कोशात लाखो शब्द असतील. परंतु साध्या मजकुराचा बहुतेक भाग या दोन हजारांनीच व्यापलेला असतो. ज्यास ते आले, त्यास पुढचा मार्ग खुला झाला.

मग आपल्याकडे हे वाचनाचे तत्त्व रुजले काय? फारसे नाही. १९५८ साली हैदराबादेस इंग्रजीची केंद्रीय संस्था निघाली, आणि साठीच्या दशकात सगळीकडे रचनापद्धतीचे वारे वाहू लागले. ‘धिस इज अ बुक, दॅट इज अ टेबल’ अशी वाक्ये वर्ग एका सुरात म्हणू लागला. व्याकरणाचे पाठांतर गेले, त्याच्या जागी वाक्यांचे पाठांतर आले. पुस्तक पुन्हा दुय्यम राहिले.

दरम्यान आपण सर्व शक्ती वेचली ती निराळ्याच वादात: इंग्रजी कोणत्या इयत्तेपासून सुरू करावी? स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात ती आठवीपर्यंत पुढे ढकलली गेली. महाराष्ट्र राज्यात पुढे ती पाचवीपासून आली. आणि २००० साली, शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांच्या कारकीर्दीत, ती पहिलीपासून सुरू झाली. मराठी शाळेतील गरिबाच्या मुलासही पहिल्या दिवसापासून इंग्रजी मिळावी, हा हेतू निःसंशय चांगला होता. परंतु ‘केव्हा’ हा प्रश्न सुटला म्हणजे ‘काय’ हा प्रश्न आपोआप सुटतो, असे मात्र नाही. २०२२ सालच्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भारतातील आठवीच्या मुलांपैकी निम्म्याहून थोड्या कमी मुलांनाच इंग्रजीची सोपी वाक्ये वाचता आली. म्हणजे अर्ध्याहून अधिक मुलांचे हप्ते भरले गेले व समर्पण-मूल्य शून्य राहिले.

आमच्या कळंबच्या बाजूस हा हिशेब अधिकच जाचक होतो. येथे कोलामांच्या पोडावरील मूल घरी कोलामी बोलते, तांड्यावरील मूल गोरमाटी बोलते, गावातले मूल ‘मला’च्या जागी ‘मले’ म्हणणारी वऱ्हाडी बोलते. पुस्तकातली मराठी हीच त्यांतील काहींना शिकून घ्यावी लागणारी भाषा, इंग्रजी तिच्यावरची. आठवी-दहावीनंतर यांतली पुष्कळ मुले शेतावर जातात. त्यांस इंग्रजी कशाला हवी, असे एखादा सुखवस्तू मनुष्य विचारील. त्याचे उत्तर याच जिल्ह्यातील एका दुःखद घटनेत आहे. २०१७ साली कपाशीवर कीटकनाशकांची फवारणी करताना यवतमाळ जिल्ह्यात विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात गेले. त्या अनर्थाची कारणे अनेक होती व ती सर्व भाषेच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. डब्यावरील सूचना मोठ्या अक्षरांत मराठीत असावी हा तर शेतकऱ्याचा हक्कच आहे. तरीपण ज्याच्या हाती तो डबा येतो, त्याला त्यावरचा मजकूर, तो कोणत्याही भाषेत असो, वाचता आला पाहिजे, हे कोण नाकारील?

आणि येथेच व्याकरण, शब्द व वाचन यांचे भांडण मिटते. ‘पॉयझन’ हा शब्द आमच्या मुलांना माहीत असतो. परंतु सूचनेचा जीव असतो तो लहान शब्दांत: ‘नॉट’, ‘बिफोर’, ‘आफ्टर’, ‘ओन्ली’, ‘अनलेस’. औषध जेवणापूर्वी की जेवणानंतर, हे ‘फूड’ या शब्दावरून कळत नाही, त्याच्या मागच्या चिमुकल्या शब्दावरून कळते. हे लहान शब्द म्हणजेच व्याकरण. ते नियमांच्या यादीत पाठ केले तर विसरतात. वाचनात दहा ठिकाणी भेटले तर अंगवळणी पडतात.

मी स्वतः मॅट्रिकपलीकडे गेलो नाही आणि आयुष्य प्राथमिक वर्गांत घालविले. त्या अनुभवावरून मला जो क्रम योग्य वाटतो तो असा. मुलाच्या तोंडी आधीच बसलेल्या इंग्रजी शब्दांपासून, म्हणजे बस, तिकीट, पंप, स्टार्टर, डॉक्टर यांपासून आरंभ करावा; ते त्याला लिहिलेले दाखवावे. देवनागरीत अक्षर व उच्चार बहुधा एकनिष्ठ असतात, इंग्रजीत तसे नसतात. म्हणून ओळखीचा शब्द आधी डोळ्यांनी ओळखू द्यावा. मग लहान, सोपे, परंतु सलग अर्थाचे उतारे द्यावे. मोठ्याने वाचविण्याबरोबर मनात वाचावयास लावावे आणि काय समजले ते त्याच्या बोलीत सांगावयास सांगावे. वऱ्हाडीत सांगितले तरी ते समजणेच होय. नियम सांगावा तो उताऱ्यात भेटल्यानंतर. आणि जेथे दोन भाषांचा पाय वेगळा पडतो, तेथे तर्खडकरांप्रमाणे दोन्ही वाक्ये शेजारी ठेवून दाखवावा. यांत नवे काही नाही. दोनशे वर्षांत जे जे चांगले सापडले, त्याचाच हा मेळ आहे.

श्रोतेहो, आपल्या घरांतील मुले बहुधा ही वाट शेवटपर्यंत चालतील. त्यांना व्याकरणातून न्या, भाषांतरातून न्या की संभाषणातून न्या, ती पोचतील. पद्धतीची खरी कसोटी ती नव्हे. शाळेचे यश शेवटच्या इयत्तेत किती गुण मिळाले यावरून आपण मोजीत आलो. ते मूल ज्या इयत्तेत थांबले, त्या दिवशी त्याला काय वाचता येत होते, यावरून मोजले पाहिजे. तसे मोजावयास लागलो, तर पुस्तके बदलतील, परीक्षा बदलतील, आणि जे मूल उद्या शाळा सोडून शेतावर जाणार आहे, तेही रिकाम्या हाताने जाणार नाही.